बसणाऱ्याची बाजू

सॅन फ्रान्सिस्कोची चित्रकार ज्युलिया के सलग तीन वर्षं रोज स्वतःचं एक चित्र काढत होती. चेहरा तोच, माध्यमं तेवढी बदलायची. २०१० साली हे व्रत पुरं झालं आणि उद्यापन कसं करावं असा प्रश्न पडला. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर जगभरचे चित्रकार तिच्या ओळखीचे झाले होते. त्यांना तिने आवतण धाडलं, की या, आता आपण एकमेकांना काढू. नाव ठेवलं ‘ज्युलिया केज पोर्ट्रेट पार्टी’. समारंभ थोडक्यात आटोपेल असं वाटलं होतं, तो वर्षानुवर्षं चालला. पन्नासहून अधिक देशांतली माणसं त्यात आली, हजारो चित्रं झाली, आणि २०१७ साली त्यातली निवडक चित्रं ‘पोर्ट्रेट रेव्होल्यूशन’ नावाच्या पुस्तकात छापली गेली.

चित्रकारांच्या टोळ्या आणि कट्टे जगात नेहमीच होते. मला या पार्टीत अडवतो तो तिचा नियम. आत यायचं तर आधी आपले फोटो द्यायचे, आणि चित्रं काढायची ती आत आलेल्यांचीच. त्यामुळे इथे नुसता चित्रकार कुणी नाही आणि नुसता मॉडेलही कुणी नाही. ज्याने काल दुसऱ्याची हनुवटी लांब केली, त्याची स्वतःची हनुवटी आज कुणीतरी आखूड करणार आहे. कुरूप काढलंस म्हणून रागवावं तर आपणही कुणाला तरी तसंच काढून बसलेलो असतो. अशा जमावात सौजन्याची वेगळी आचारसंहिता लिहावी लागत नाही, आणि लिहिली तरी लोक ती वाचत नाहीत.

व्यक्तिचित्र आणि मानवाकृती यांच्याबद्दल बोलताना आपण काढणाऱ्याचं कौतुक करतो आणि बघणाऱ्याच्या रसिकतेबद्दल लिहितो. तिसरा माणूस तिथे असतो, ज्याचं नाक, ज्याची पाठ, ज्याचा वेळ त्या चित्रात गेलेला असतो, त्याच्याकडे सहसा कुणी वळून बघत नाही. हा लेख त्याच्याबद्दल, आणि जिथे चित्रकार एकमेकांना चित्रं दाखवतात त्या मंडळींत त्याला जागा कुठे असते याबद्दल.

पार्टीतला एकच चेहरा वेगवेगळ्या हातांनी काढलेला पाहायला मिळतो, ही मोठी चैन आहे. एकाने तो चार रेघांत उरकलेला, दुसऱ्याने चारकोल घासून घासून उजेडातून बाहेर काढलेला, तिसऱ्याने निळ्या-हिरव्या जलरंगांत सोडून दिलेला. सगळी चित्रं एकमेकांपासून वेगळी, तरी माणूस ओळखू येतो. साम्य म्हणजे डोळा, नाक, ओठ बिनचूक उतरवणं, ही आपली शाळकरी समजूत इथे ढासळते. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा मोठा आकार, मान खांद्यांवर कशी बसली आहे, डोळ्यांच्या खोबणीतली सावली किती खोल आहे, यांवर ओळख ठरते. पापण्या नंतरच्या.

अर्थात हे सगळं फोटोवरून चालतं, आणि फोटो फसवतो. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे पळतात, कारण लेन्सला नाक कानापेक्षा फारच जवळ असतं. नवखा चित्रकार ती फुगलेली नाकं इमानेइतबारे उतरवतो. फोटोत सावल्या एकजात काळ्या होतात. प्रत्यक्षात सावलीत केवढा रंग असतो, हे समोर माणूस बसवल्याशिवाय कळत नाही. म्हणून आपल्याकडचे जुन्या वळणाचे चित्रकार फोटोवरून काम करणाऱ्याला नाक मुरडतात. त्यांचं बरोबर आहे. पण समोर बसायला माणूस मिळणं ही सर्वांत महाग गोष्ट आहे, हेही तितकंच खरं. परगावी एकट्याने शिकणाऱ्याला कोण देणार बैठक? घरचे एकदा बसतात, दुसऱ्यांदा त्यांना काम आठवतं.

चित्र दाखवल्यावर काय ऐकू येतं, हा पुढचा प्रश्न. ‘मस्त’, ‘अप्रतिम’, अंगठा, टाळ्या. याने हुरूप येतो हे खरं, आणि सुरुवातीच्या दिवसांत हुरूप हाच मोठा शिधा असतो. पण चित्र सुधारतं ते दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याने. ‘डोळे वर गेलेत’ हे त्यातलं सर्वांत उपयोगी वाक्य असावं. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. आपण मात्र चेहरा म्हणजे भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग असं धरून चालतो, कपाळ आणि केस विसरतो, आणि डोळे वर सरकवतो. शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण ही चूक करतो आणि ती स्वतःला दिसत नाही, कारण तास-दोन तास त्याच कागदाकडे बघून नजर त्या चुकीला सरावलेली असते. लिओनार्दो दा विंचीने चित्र आरशात बघायचा सल्ला दिला होता तो याचसाठी. उलटं झालेलं चित्र दुसऱ्याने काढल्यासारखं दिसतं आणि चूक डोळ्यांत भरते. आता फोनवर चित्र डावं-उजवं उलटवून तेच करता येतं. चांगली संगत हेच काम करते, वर थोडी माया असते.

माया आणि अचूकपणा एकाच वाक्यात बसवणं सोपं नाही. आपल्या कलाशाळांत शिक्षक विद्यार्थ्याच्या डाँकीवर, म्हणजे त्या ठेंगण्या लाकडी बैठकीवर, स्वतः बसत, त्याच्याच कागदावर कोपऱ्यात एक छोटं रेखाटन करून दाखवत आणि न बोलता पुढे सरकत. फार सभ्य पद्धत. विद्यार्थ्याची रेघ खोडायची नाही, शेजारी आपली रेघ ठेवायची. चित्रकारांच्या मंडळींतही कुणी तुमच्या चित्रावर दुसऱ्या रंगाने खांद्याचा खरा कल आखून पाठवतो, तेव्हा तीच परंपरा चालू असते. उलट, न विचारता सात चुकांची यादी पाठवणारा गृहस्थही प्रत्येक गटात असतोच. त्याचं सगळं बरोबर असतं आणि त्यामुळे दोघे-तिघे चित्र काढणं सोडतात. विचारल्यावर बोलावं, एका वेळी एकच सांगावं, आणि जे साधलंय ते कुठे साधलंय हे बोट ठेवून दाखवावं. इतकं पाळणारे गट टिकतात असं मला दिसलं आहे.

मुंबई-पुण्यात हे सगळं फार पूर्वीपासून देहाने होत आलं आहे. आपण त्याला प्रात्यक्षिक म्हणतो, हल्ली ‘डेमो’. एक चित्रकार, एक ईझल, उंचशा खुर्चीवर बसलेला माणूस, त्याच्यावर एका बाजूने सोडलेला दिवा, आणि समोर दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, हौशी डॉक्टर, बँकवाले. दोन-तीन तास हा जमाव बघत राहतो. मधे कुणी बोललं तर इतर वळून बघतात, नाट्यगृहात बघतात तसं. चित्रकार डोळे किलकिले करून बघायला सांगतो, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड-सावलीचे दोन-चार ढोबळ पट्टे उरतात. आधी तेच मांडायचे. तासाभराने कॅनव्हासवर अजून डोळे नसतात, तरी माणूस कोण हे कळतं, आणि मागच्या रांगेतून एक हुंकार येतो. शास्त्रीय मैफलीला जाणाऱ्याला हा हुंकार ओळखीचा वाटेल. वासुदेव कामत यांच्यासारख्या चित्रकारांनी आणि मुंबईच्या पोर्ट्रेट आर्टिस्ट ग्रुपने ही प्रथा आपल्या काळात जोमाने चालू ठेवली. अलीकडे अशी प्रात्यक्षिकं चित्रित होऊन घरोघरी बघितली जातात, त्यामुळे जालन्या-चंद्रपूरच्या मुलांनाही ती मिळतात.

शेवटी टाळ्या होतात. सगळे कॅनव्हासभोवती गोळा होतात, फोटो काढतात. बसलेला माणूस तेवढ्यात पाय झटकत उभा राहतो आणि गर्दीच्या मागून टाचा उंचावून स्वतःला बघायचा प्रयत्न करतो. माझी नजर नेहमी त्याच्याकडे जाते. चित्रकाराने त्याला हात धरून पुढे आणलं की मला तो चित्रकार आवडतो, चित्र कसंही असो.

पूर्वी असं नव्हतं. म्हणजे बसणारा मागे उभा राहत नसे, बसणाराच मालक असे. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची, बॉम्बे आर्ट सोसायटीची १८८८ची. त्यानंतरच्या अर्धशतकात तिथून बाहेर पडलेल्या चित्रकारांचं पोट बऱ्याच अंशी व्यक्तिचित्रांवर भरलं. संस्थानिक, दिवाण, न्यायमूर्ती, गिरणीमालक, धर्मादाय दवाखान्यांना देणग्या देणारे शेठ, आणि या सगळ्यांचे दिवंगत वडील, ते मात्र फोटोवरून. पगडीची घडी, शालीची जर, पदकांची ओळ चुकली तर पैसे अडत. सुरकुत्या कमी करायच्या हे न सांगता ठरलेलं असे. अशा बैठकीत चित्रकार हात जोडून उभा. या व्यवहारातूनही मोठी चित्रं झाली, ती का झाली याचा विचार करताना मला पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातली गोपाळ देऊस्करांची चित्रं आठवतात. एकात पुरुषवेषातले बालगंधर्व, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेतले. एकाच माणसाचे हे दोन देह तिथे खुशामतीसाठी रंगवलेले नाहीत. त्या माणसावर अख्ख्या महाराष्ट्राचा जीव होता, तो जीव चित्रकाराच्या हातात उतरला आहे.

मालकांच्या चित्रांनी घर चाललं, पण चित्रकाराला स्वतःसाठी काही करायचं असलं की तो घरातल्यांना बसवायचा. गोव्यातल्या सांग्यात जन्मलेल्या आंतोनियो शाव्हिएर त्रिन्दाद यांनी १९२० साली आपल्या पत्नीला, फ्लोरेन्तिनाला, निवांत पहुडलेलं रंगवलं. ‘डोल्चे फार निएन्ते’ हे ते चित्र, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालेलं. त्यांची कन्या आंजेला हीसुद्धा चित्रकार झाली. घरात रोज बघून बघून झाली असणार. वासुदेव कामतांना २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर पुरस्कार मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. आणि सावळाराम हळदणकरांची ती दिवा घेतलेली स्त्री तर वाचकांना सांगायला नको. चाळीसच्या दशकाच्या मध्यावर काढलेलं हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या फटींतून लालसर झालेला उजेड. जलरंगात एकदा कागद काळवंडला की पांढरा परत मिळत नाही, त्यामुळे तो उजेड चित्रकाराने अगदी सुरुवातीपासून राखून ठेवलेला आहे. लोक अजूनही हे चित्र राजा रविवर्म्याचं म्हणून खपवतात. त्यात उभी असलेली मुलगी हळदणकरांची स्वतःची कन्या गीता. दिवाळीत तिला दिवा घेतलेली पाहून वडिलांना चित्र सुचलं आणि मग तिला तासन्‌तास तसंच उभं राहावं लागलं, असं सांगतात. पुढे त्या गीता उपळेकर कोल्हापूरला राहिल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या. म्हणजे कितीतरी वर्षं ते चित्र कॅलेंडरांवर, दिवाणखान्यांत, दुकानांत छापून लटकत होतं, आणि ज्यांचं होतं त्या कोल्हापुरात नातवंडांत बसून होत्या. चित्रकाराच्या नावात लोकांनी गल्लत केली, पण चित्रातल्या बाईंना निदान त्यांच्या गावाने ओळखलं. हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

लाइफ क्लासमध्ये बसणाऱ्यांच्या वाट्याला तर नाहीच. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे १९१९ साली जे.जे.ची सूत्रं आली आणि प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून चालणाऱ्या अभ्यासाच्या जोडीला जिवंत, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला. त्याशिवाय शरीर कळत नाही हे कुणीही मान्य करेल. पुतळा श्वास घेत नाही, पुतळ्याचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जात नाही. वर्गाची रीत सर्वत्र साधारण सारखीच. आधी अर्ध्या-एक मिनिटाच्या झटपट पोझेस, हात मोकळा करायला. मग पाच-दहा मिनिटांच्या. मग लांब पोझ, वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती, आणि पुन्हा त्याच जागी बसता यावं म्हणून पाय कुठे होता, कोपर कुठे टेकलं होतं याच्या खडूच्या खुणा. ऐकायला सोपं वाटतं. मी एका मित्राच्या स्टुडिओत, कपडे घालून, नुसता डोक्याच्या अभ्यासासाठी बसलो होतो. पहिली काही मिनिटं आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटलं. मग मानेत एक ठिणगी पडली आणि तिने हळूहळू पाठीचा ताबा घेतला. समोरचे लोक माझ्याकडे टक लावून बघत होते आणि मला बघत नव्हते, त्यांना कानाखालची सावली हवी होती. त्या बघण्यात निंदा नव्हती, कौतुक नव्हतं, चौकशीही नव्हती. असं कुणी आपल्याकडे एरवी बघत नाही. थोड्या वेळाने ते सुखाचं वाटू लागलं, पण पायाला आलेल्या मुंग्यांनी त्यावर फार विचार करू दिला नाही.

हेच विवस्त्र, रोजीवर, वर्षानुवर्षं करणाऱ्या बाया मुंबईत आहेत आणि त्यांतल्या अनेकींनी हे काम घरी सांगितलेलं नसतं. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटाची गोष्ट नेमकी तीच. गावाकडून मुलाला घेऊन मुंबईला आलेली यमुना कलाशाळेत मॉडेलचं काम करते, मुलगा शिकावा म्हणून. २०१७ साली गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात इंडियन पॅनोरमा विभागाची सुरुवात या चित्रपटाने व्हायची होती. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतूनच काढला. २०१८च्या एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाला आणि कल्याणी मुळे व छाया कदम यांना बघून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांना, मी बघितलं त्या खेळाला तरी, नग्नतेबद्दल काही बोलायचं उरलं नव्हतं. ते त्या बाईच्या रोजाबद्दल बोलत होते.

सरकारला आणि पोलिसांना मात्र अधूनमधून नग्नतेचा विषय सुचतो. १९५४ साली अकबर पदमसींच्या जहांगीर कलादालनातल्या ‘लव्हर्स’ चित्रांवरून खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, मुंबईच्या सीमाशुल्क विभागाने परदेशातून आणलेली फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि त्याच पदमसींची मिळून सात चित्रं अश्लील म्हणून अडकवून ठेवली. २०२४च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील धरता येणार नाही हे अधिकाऱ्यांना समजावून सांगितलं. पदमसी त्याआधीच, २०२० साली गेले होते. एका चित्रकाराला एकाच शहरात दोनदा सुटावं लागलं.

यंत्रांची अक्कल याहून वेगळी नाही. व्हिएन्नाच्या संग्रहालयातली विलेनडॉर्फची मूर्ती, बोटभर उंचीची आणि हजारो वर्षांपूर्वीची, तिचा फोटो फेसबुकने आक्षेपार्ह म्हणून काढला होता. संग्रहालयाने २०१८ साली जाहीर निषेध केला, मग कंपनीने माफी मागितली. रंगवलेल्या आणि कोरलेल्या नग्नाकृती चालतील असं नियमांत असूनही चित्रं गायब होत राहतात, कारण आधी छाननी यंत्र करतं आणि त्याला कातडीचा रंग तेवढा कळतो. २०२१ साली व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने वैतागून तिथल्या संग्रहालयांची चित्रं प्रौढांच्या संकेतस्थळावर नेऊन ठेवली. जाहिरातीची युक्ती होती ती, पण चिमटा नेमका बसला. लाइफ क्लासचं काम दाखवू बघणाऱ्या मुलामुलींना अशी युक्ती परवडत नाही. ती आपली चित्रं बंद दाराच्या छोट्या गटांत दाखवतात, किंवा वहीत ठेवतात. मला यात एक फायदाही दिसतो, सांगितला तर चित्रकार रागावतील. बंद गटात चित्र दाखवताना समोर कोण आहे हे माहीत असतं. उघड्यावर टाकलेलं चित्र कुठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि त्यात काढणाऱ्याची सही तेवढी कोपऱ्यात असते. शरीर दुसऱ्या कुणाचं असतं.

त्या दुसऱ्या कुणाने उठून ईझलच्या पलीकडे जायचं ठरवलं तर काय होतं, याचं सुझान वालादोंइतकं झणझणीत उदाहरण दुसरं नसेल. ही फ्रान्सच्या खेड्यातल्या एका कष्टकरी बाईची मुलगी. सर्कशीत कसरत करायची, पडली, सर्कस सुटली, आणि पोटासाठी पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये चित्रकारांपुढे बसू लागली. रेन्वाच्या १८८३च्या ‘बूजिव्हालचं नृत्य’ या चित्रात टोपी घालून नाचते ती हीच. बसल्या बसल्या ती बघत होती, कोण कुठून सुरुवात करतो, कोण किती खोडतो. घरी जाऊन स्वतः काढायची. तिची रेखाटनं एदगार दगाने पाहिली. हा मनुष्य कुजकट बोलण्यासाठी प्रसिद्ध होता. पण तिची चित्रं त्याने विकत घेतली, तिला कोरीवकामाचं तंत्र शिकवलं आणि शेवटपर्यंत तिच्या कामाची चौकशी करत राहिला. १८९४ साली तिची रेखाटनं तिथल्या राष्ट्रीय कलासंस्थेच्या प्रदर्शनात लागली. तिने काढलेल्या बायका अंग पुसताना, पोरांना आंघोळ घालताना, अवघडून वाकलेल्या दिसतात. बहुतेक पुरुषांच्या चित्रांतल्या बायका अशा वाकत नाहीत, कारण वाकल्यावर पाठ कशी दुखते हे त्या पुरुषांना ठाऊक नव्हतं. १९०९ साली तिने स्वतःला आणि आपल्या तरुण प्रियकराला ईव्ह आणि ॲडम म्हणून नग्न रंगवलं. पुढे प्रदर्शनात लावताना ॲडमच्या कमरेवर पानं चढवावी लागली. ईव्ह तशीच राहिली, तिला झाकायची कुणाला निकड वाटली नाही.

चित्रकार माने याच्या ‘ऑलिंपिया’ या चित्रासाठी पहुडलेली व्हिक्तोरीन मरां हीसुद्धा पुढे चित्रकार झाली. १८७६च्या पॅरिस सलोंमध्ये तिचं आत्मचित्र निवडलं गेलं, आणि त्याच वर्षी मानेची चित्रं परीक्षकांनी परत पाठवली. मला ही हकीकत आठवली की गंमत वाटते. त्याच ‘ऑलिंपिया’त मागे फुलं घेऊन उभी असलेली कृष्णवर्णी स्त्री मात्र दीड शतक ‘दासी’ म्हणूनच ओळखली गेली. तिचं नाव लॉर. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने अशा मॉडेल्सवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा काही चित्रांची नावंच बदलली. मारी-गिलमीन बनुआ या चित्रकर्तीने १८०० साली काढलेलं, नुसत्या वर्णावरून ओळखलं जाणारं एका कृष्णवर्णी स्त्रीचं चित्र तिथे ‘मादलेनचं व्यक्तिचित्र’ या नावाने लागलं. आपल्या कलाशाळांच्या संग्रहांत ‘बसलेली स्त्री’, ‘पाठमोरी आकृती’, ‘वृद्ध’ अशा चिठ्ठ्या लावलेले शेकडो अभ्यास असतील. हजेरीपटावर, पगारपत्रकावर त्या माणसांची नावं कधीतरी लिहिली गेली असतीलच. कुणा संशोधकाने ती शोधली तर मी त्याचं पुस्तक सगळ्यांत आधी विकत घेईन.

कोविडच्या टाळेबंदीत काढणारा आणि बसणारा यांच्यातला तोल अचानक बदलला. २०२०च्या एप्रिलमध्ये ऑक्सफर्डचा व्यक्तिचित्रकार टॉम क्रॉफ्ट याला काम सुचत नव्हतं. त्याने इन्स्टाग्रामवर सांगितलं, की ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतला जो कुणी पहिला संपर्क साधेल त्याचं चित्र मी फुकट काढून देईन, आणि इतर चित्रकारांनीही असंच करावं. मँचेस्टरची एक परिचारिका पहिली आली. मग इतक्या परिचारिका, डॉक्टर, रुग्णवाहिकावाले आणि इतके चित्रकार पुढे आले, की क्रॉफ्ट एकेकाची जोडी लावून देत बसला. बसायला कुणी येऊच शकत नव्हतं, तेव्हा चित्रं फोटोवरूनच झाली, आणि फोटो कसले, तर पाळी संपल्यावर मुखपट्टीचे वळ उठलेल्या चेहऱ्यांचे. गुळगुळीत करायची सोय नव्हती आणि कुणाची तशी इच्छाही नव्हती. चित्र बसणाऱ्याच्या मालकीचं, काढणाऱ्याने छदाम घ्यायचा नाही. त्या काळात स्काय आर्ट्स वाहिनी रविवारी चार तास एका चित्रकाराची बैठक थेट दाखवायची आणि घराघरांतले लोक त्याच चेहऱ्यावर आपापला हात चालवून चित्रं पाठवायचे. संस्थानिकांना परवडणारी चैन रात्रपाळीच्या नर्सला मिळाली. संकट सरल्यावर यातलं किती उरलं हा प्रश्न आहेच. पण रुग्णालयाच्या भिंतीवर देणगीदाराऐवजी परिचारिका लागू शकते, हे एकदा दिसलं.

आपल्याकडे याच दिशेने, फार आधी आणि गाजावाजा न करता, सुधीर पटवर्धन चालत आले आहेत. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा डॉक्टर ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं व्यवसाय करत होता आणि चित्रांत गाडीतली, इराण्याकडची, गिरणगावातली माणसं काढत होता. ज्यांची ही चित्रं आहेत त्या माणसांना त्यांत स्वतःला पाहता यावं, अशी त्यांची इच्छा त्यांनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे. इच्छेवर ते थांबले नाहीत. ‘विस्तारणारी क्षितिजे’ या प्रदर्शनाच्या निमित्ताने समकालीन भारतीय चित्रकारांची मूळ चित्रं त्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी नेली. मुंबईच्या कलादालनांत जायला ज्यांना दारवान बघूनच संकोच होतो, त्यांच्यासाठी ही गोष्ट केवढी होती हे त्या गावांतल्या कलाशिक्षकांना विचारावं.

आता लोकलमध्ये, एसटी स्टँडवर, कोर्टाच्या आवारात वही काढून बसणारी पोरं सगळीकडे दिसतात. छान गोष्ट आहे. झोपलेला माणूस हा जगातला सर्वांत आज्ञाधारक मॉडेल, त्यामुळे कल्याण-कसारा गाडीतल्या झोपलेल्यांची चित्रं रोज ढिगाने होतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला दाखवली जातात, एक त्या झोपलेल्याला सोडून. त्याला उठवून परवानगी घ्या असं मी म्हणणार नाही, मग चित्रंच होणार नाहीत. पण त्याचं स्टेशन यायच्या आत त्याला जाग आली तर वही त्याच्यापुढे धरावी. बहुतेक जण हसतात. काही जण शेजाऱ्याला दाखवतात, एखादा फोनमध्ये फोटो काढून घेतो आणि घरी पाठवतो. काही चिडतात, तेव्हा पान फाडून देऊन टाकावं. आणि एखादा वही हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, नीट निरखून सांगतो, ‘बाकी ठीक आहे, पण आमच्या घराण्यात असं नाक कुणाचंच नाही.’ तिथे वाद घालू नये. पुढचं स्टेशन यायला वेळ असेल तर खोडरबर काढावा, आणि त्याला म्हणावं, काका, जरा खिडकीकडे बघता का.